फ्रिजखालच्या गोट्या

बोट्रोप, जर्मनी, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "खाली अजून कोळसा आहे ना, मग खाणी बंद कशाला केल्या?" मी 'परवडत नव्हतं' म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अर्धंच होतं.

परवडत नव्हतं हे खरंच. चंद्रपूरला तुझा काका उघड्या खाणीच्या काठावरून कोळसा बघतो. इथे त्यासाठी लिफ्टने हजार मीटरच्याही खाली जावं लागायचं. जहाजाने येणारा परदेशी कोळसा कितीतरी स्वस्त, त्यात खनिज तेल आलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत या धंद्यात सुमारे ६ लाख माणसं होती. पुढच्याच वर्षी न खपलेल्या कोळशाचे ढीग लागले. १९६८ मध्ये रूर या आपल्या कोळसापट्ट्यातल्या बहुतेक खाणी रूरकोले या एका कंपनीत आणल्या. पुढची पन्नास वर्षं तिचं मुख्य काम काय, तर खाणी कमी करत जाणं!

मला हे हास्यास्पद वाटायचं, त्याचे पैसे आपल्या करातून जायचे ना. मग शेजारचे तुर्की आजोबा भेटले. ते कामाला होते त्या तीन खाणी बंद झाल्या, पण दर वेळी दुसरीत जागा मिळाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर पगाराऐवजी भत्ता घेऊन ते घरी बसले. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला आणि गावंच्या गावं उघड्यावर आली. हे कळल्यापासून तो कर मला तितका टोचत नाही.

२१ डिसेंबर २०१८ ला आपल्याच गावच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला. आजोबा टीव्हीसमोर रडत होते आणि तू विचारत होतीस, आता आपली वीज जाणार का?

पण खाण बंद झाली तरी काम संपत नाही. कोळसा काढला की वरचं छत कोसळू देतात, मग जमीन खचते. एसेनमध्ये काही ठिकाणी ती २० मीटरहून जास्त खचली आहे. अशा खोलगट जागी पाणी साचतं; ते उपसणं थांबवलं तर कितीतरी वस्त्यांचं तळं होईल. शिवाय खाणीतलं खारं पाणी पिण्याच्या पाण्यापर्यंत चढू द्यायचं नाही. म्हणजे पंप कायमचे. इथले लोक त्याला सरळ 'अनंतकाळची कामं' म्हणतात, आणि तो खर्च भागवायला २००७ मध्ये एक प्रतिष्ठान काढून ठेवलंय.

आपल्या स्वयंपाकघरात गोटी कुठेही सोडली तरी फ्रिजखालीच जायची, आठवतं? तू म्हणायचीस तिथे भूत आहे. गेल्या आठवड्यात नवी फरशी घातली. कारागीर म्हणाला, उतार काढून टाकू का? आईने नको म्हटलं. फ्रिज सरकवला तर अकरा गोट्या निघाल्या. बरणीत भरून ठेवल्यात.

तुझा,
बाबा