प्रश्नांची संख्या नको, प्रश्नाचा मजकूर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन संपले की खासदारांची हजेरी आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचे आकडे छापून येतात. आरोग्याच्या बाबतीत तरी या आकड्यांवरून फारसे काही कळत नाही. प्रश्न कसा लिहिला होता, यावर सगळे अवलंबून असते.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत येतात. म्हणून ‘धडगाव तालुक्यात डॉक्टर का नाहीत?’ असे लोकसभेत विचारले, तर प्रश्न दाखलच होत नाही, नाहीतर ‘हा राज्याचा विषय आहे’ असे उत्तर मिळते. तोच मुद्दा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशांच्या बाजूने मांडावा. त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आहे. राज्याने वार्षिक आराखड्यात किती पदे मागितली, किती मंजूर झाली, निधी किती सुटला आणि किती खर्ची पडला, हे विचारले की केंद्राला हात झटकता येत नाहीत.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही तसेच. राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. ‘सरकारने कोणती पावले उचलली?’ असे विचारले की उत्तरात योजनेची माहिती तेवढी येते. विचारायला हवे ते असे: सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या चाचण्यांनी पडताळणी केली? त्यांत वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण मुलांना आजार देऊ शकणारे) किती, रुग्ण किती? किती रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळते, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते की जिल्हा रुग्णालयातच? नुसत्या तपासणीच्या आकड्याने रुग्णाच्या हाती गोळी पडत नाही.

जिल्ह्याचे नाव घालतानाही चूक होते. नंदुरबार मतदारसंघात धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर येतात. प्रश्नात फक्त ‘नंदुरबार जिल्हा’ लिहिले की हे दोन्ही तालुके उत्तरातून गळतात. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावलच्या आदिवासी पाड्यांसाठी रावेरच्या खासदारांनी वेगळे विचारावे लागेल.

प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आणि किमान १५ दिवसांची पूर्वसूचना असते. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे, प्रश्न दिवसाला २० च, तेही सोडतीने. त्यांवरच उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. ‘माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवली जाईल’ (म्हणजे सभागृहात सादर केली जाईल) असे उत्तर आले, तर ते आश्वासन धरले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. खरा पाठपुरावा इथे लागतो, आणि नेमका इथेच तो सुटतो.

आरोग्य मंत्रालयाचे प्रश्न लोकसभेत शुक्रवारी असतात. अधिवेशन काळात रविवारच्या अंकात खानदेशातल्या खासदारांचा आरोग्यावरचा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर शब्दशः छापावे, ही विनंती. मागे दिलेल्या आश्वासनांची तारीखही सोबत द्यावी.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)