जांभळी नाक्याजवळच्या गंगावनवाल्या ताईंना

ताई, स.न.वि.वि.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

डेंग्यू बरा होऊन दोन-अडीच महिने झाले आणि माझे केस मुठीमुठीने यायला लागले. मोठ्या तापानंतर असं होतं, बहुतेकांचे परत येतात, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. धीर धरायला माझी ना नव्हती, पण पुतणीचं लग्न थांबणार नव्हतं. केस वाढणार महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. त्या हिशोबात अंबाडा कुठून आणायचा?

तुमच्या आधी मी एका चकचकीत दुकानात जाऊन आले होते. कुठल्या, ते जाऊ दे. तिथल्या मुलीने बसल्याबसल्या माझी क्लिप काढली, केस वर उचलले आणि पलीकडच्या मैत्रिणीला हाक मारली, "ए, इकडे बघ ना, किती विरळ झालेत!" दुकानात आणखी कोण होतं मला माहीत नाही, मी मान वर केलीच नाही. वर "शंभर टक्के नैसर्गिक, तिरुपतीचे" म्हणून जे गळ्यात मारलं, त्याचा चार धुण्यांत काथ्या झाला. परत घेऊन गेले तर म्हणे, मॅडम, तुमचा शाम्पू चुकला असेल.

तुमच्याकडे आले ती डोक्याला ओढणी गुंडाळूनच. तुम्ही एकदा बघितलंत आणि काउंटरवरच्या पोराला चहा आणायला पिटाळलंत. चहाने भरलेला थर्मास तुमच्या खुर्चीखाली होता, हे मला निघताना दिसलं. मग पडदा ओढलात, माझ्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "हात लावू का?"

एवढंच. पण ताई, त्या आजारपणात माझ्या डोक्याला किती जणांनी हात लावला असेल! शेजारच्या काकू भांग फाकवून बघून गेल्या, पार्लरवालीने बोटाने जागा दाखवल्या, नणंदेने तर लसणीचा रस चोळला. विचारलं कोणीच नव्हतं. मी हो म्हटल्यावरही तुम्ही थांबलात, ओढणी मलाच सोडू दिलीत. माझं डोकं पुन्हा माझं झालं असं वाटलं आणि मी तिथेच रडले. तुम्ही गप्प बसून राहिलात, "रडू नका" म्हणाला नाहीत, त्याचेही आभार.

त्या काथ्यातला एक केस तुम्ही काडेपेटीवर जाळलात. राख चुरगळली. "माणसाचेच आहेत, प्लास्टिकची गोळी झाली असती. फसवलंय ते दुसरीकडे." ते गुंतवळातले केस, मुळं-टोकं उलटसुलट. गुंता होऊ नये म्हणून ॲसिडने वरचे खवले उतरवतात आणि सिलिकॉनचा मुलामा चढवतात. तो धुऊन गेला की सगळं संपलं. मग तुमच्याकडची रेमी केसांची, म्हणजे मुळं-टोकं एका दिशेने जुळवलेल्या केसांची, बट हातात दिलीत. मुळाकडून टोकाकडे बोटं अलगद सरकली, उलटी नेली तर अडकली. खवले जागेवर आणि एकाच दिशेने असल्याची खूण ती. आमच्या गावी गुंतवळावर भांडी देणाऱ्या बाया यायच्या. ते केस पुढे कुठे जात असतील, हे मला पन्नाशीत ठाण्यात कळलं!

मला टेपने चिकटवायचे महागातले हवे होते. तुम्ही दिले नाहीत. "आत्ता नको. उरलेल्या केसांवर ओझं टाकलंत तर तेही ओढले जातील. क्लिपच्या तीन पट्ट्या पुरेत, झोपताना काढायच्या." आलेलं गिऱ्हाईक स्वस्तात घालवलंत. वर राहता कुठे विचारलंत, आणि घोडबंदर म्हटल्यावर हसलात, "टँकरचं जड पाणी ना? मग शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या." या केसांना डोक्याचं तेल मिळत नाही म्हणून दर धुण्याला कंडिशनर लावायचा, विंचरायचं टोकापासून वर, इस्त्री १५० अंशांच्या पुढे न्यायची नाही. सगळं पाळते आहे. पट्ट्या अजून मऊ आहेत, आणि लग्नात अंबाडा झाला, गजऱ्यासकट.

मोठ्या दुकानांत दारातच वाकून स्वागत करतात. ती सभ्यता पगारातली असते, बिल झालं की संपते. तुमची कुठल्या शिक्षणातून आली माहीत नाही, पण दवाखान्यांत, बँकांत, शाळांच्या ऑफिसांत, जिथे जिथे माणूस अवघडून उभा असतो, तिथे पडदा ओढणारं एकेक माणूस बसवलं पाहिजे असं मला हल्ली वाटतं. ते ऑफिसवाले कुठले ऐकायला!

माझे नवे केस यायला लागलेत. कपाळावर बोटभर, काही केल्या बसत नाहीत. आता काम धाकट्या जावेचं आहे. तिची केमो गेल्या महिन्यात संपली. घरातल्यांनाही ती टोपीशिवाय समोर येत नाही, पण तुमच्याकडे यायला तयार झाली. विग घ्यायचा की थोडं थांबायचं, ते तुम्हीच तिच्याशी बोला. गुरुवारी दुपारी आलो तर चालेल का? तेव्हा गर्दी कमी असते ना?

तुमची,
घोडबंदर रोडवरची तीन पट्ट्यांची गिऱ्हाईक