लग्नाआधीचे चार दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सगळ्यांचे व्हिसा हातात आले हे कळले आणि जीव भांड्यात पडला. माझे लग्न शनिवारी आहे आणि तुम्ही मंडळी सोमवारी रात्री इथे इंग्लंडमध्ये मोर्टन-इन-मार्श गावी पोहोचता, म्हणून मधल्या चार दिवसांविषयी सविस्तर लिहिते. आत्याने केलेल्या यादीत एका दिवसात सहा गावे आहेत. तसे कृपा करून करू नका. मी इथे नवीन असताना अशाच एका सहलीला गेले होते आणि आज त्यातले एकही गाव मला नीट आठवत नाही.

मंगळवारी मोर्टनचा आठवडी बाजार भरतो. तो दिवस तिथेच रमतगमत काढा, म्हणजे प्रवासाचा शीणही उतरेल.

बुधवार मात्र सेझिनकोटसाठी राखून ठेवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांनी १८०५ च्या सुमारास आपले वास्तुकार बंधू सॅम्युएल यांच्याकडून हा मोगली धाटणीचा वाडा बांधून घेतला. इंग्लंडच्या हिरव्या उतारावर तांब्याचा हिरवट-निळा घुमट अचानक समोर येतो. आई, तुला बाग अधिक आवडेल. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसले आहेत, वरच्या अंगाला सूर्याचे छोटे देऊळ आहे आणि पुलाखालून पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे गेले की तीन फण्यांचा नाग दिसतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या नंदीच्या पाठीवर शेवाळ धरले होते, आणि नकळत माझा हात त्याच्या वशिंडावरून फिरला. तुम्हा दोघांना तिथे घेऊन यायचे, हे मी त्याच दिवशी ठरवले होते.

बाबा, जवळच डेल्सफर्ड आहे. वॉरन हेस्टिंग्ज यांचा तिथला वाडाही याच सॅम्युएल कॉकरेल यांनी उभारला. वाडा खासगी असल्याने पाहता येत नाही, पण चर्चच्या आवारात हेस्टिंग्ज यांची कबर आहे. मराठे आणि इंग्रज यांच्यातल्या सालबाईच्या तहाविषयी तुम्ही मला शाळेत असताना शिकवले होते. त्या तहाच्या वेळचे हे गव्हर्नर जनरल १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, वारले.

गुरुवारी चिपिंग कॅम्पडनला जा. तिथला १६२७ चा दगडी बाजारमंडप अजून उभा आहे. त्याची फरशी झिजून उंचसखल झाली आहे, तेव्हा बाबांचा हात धरा. तिथून जवळच असलेल्या ब्रॉडवेच्या मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे. गुडघ्यांना तो ताण नको. पायथ्याशी उभे राहूनही दूरवरचा मुलूख दिसतो. वारा मात्र झोंबतो, शाली जवळ ठेवा.

शुक्रवारी मुलांना बोर्टन-ऑन-द-वॉटर दाखवा. विंडरश नदी गावातून अगदी उथळ वाहते, रस्ता सपाट आहे आणि काठावर बसायला बाके आहेत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण त्या दिवशी सातच्या आत परत या. मेंदी काढायला आईनेच माझ्याजवळ बसावे अशी माझी इच्छा आहे.

तुमची,
धाकटी