पांदणीत गाडी ढकलणाऱ्यांचे आभार

लोकवर्गणीतून घेतलेल्या आमच्या रुग्णवाहिकेला वर्ष झालं. १०८ ची गाडी आहेच, पण ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली की आमच्या गावांना आधार आपल्याच माणसांचा.

श्रावणात रात्री मण्यार चावलेल्या पोरीला यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेत होतो. मण्यारीच्या दंशाला सूज फारशी येत नाही, म्हणून घरचे आधी निर्धास्त होते. आता पोरीच्या पापण्या मिटत होत्या आणि गाडी पांदणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, काळ्या चिखलात रुतलेली. कुणाच्या तरी जागलीवरून बॅटऱ्या हलल्या. माणसं धावत आली, चाकाखाली कापसाच्या कोरड्या पऱ्हाट्या टाकल्या, गाडी रेटून काढली. नाव विचारायच्या आत अंधारात निघूनही गेली. दादांनो, पोर वाचली. शाळेत जाते.

हायवेवर जखमीला उचलताना पोलिसांच्या भानगडीला न भ्यालेल्या ट्रकवाल्या भाऊंचेही आभार. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे गावोगावी सांगायलाच हवं.

आणि वेचणीच्या मजुरीतून डिझेलला पैसे देऊन, पावती न घेता गेलेल्या मावशी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.