थरथर म्हणजे आंदोलन नव्हे

संपादक महोदय,

सोलापुरातल्या गायन स्पर्धांत लहान मुलांचा गळा प्रत्येक सुरावर थरथरतो आणि त्यालाच टाळ्या पडतात, हे मनाला लागतं. आवाजातला नैसर्गिक कंप सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा होतो. पण जिभेचं मूळ ताणलं, हनुवटी हलू लागली किंवा श्वासाचा दाब टिकला नाही, की सूर लटपटतो. दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं (कोमल ‘ग’चं) आंदोलन, म्हणजे सुराचं झुलणं, वेगळंच. तिथे गंधार संथपणे रिषभाकडे (‘रे’कडे) झुकतो आणि परततो. गळा हलवून ते येत नाही.

हार्मोनियमची ट्रेमोलोची खुंटी ओढली की वाऱ्याच्या वाटेवरची पट्टी फडफडते. त्याने मुख्यतः आवाज लहानमोठा होतो. मुलांच्या साथीला ती खुंटी बंदच ठेवावी. फडफडत्या सुरावर कान कसा बसणार?

शिक्षकांनी तानपुऱ्यावर १० सेकंद सरळ षड्ज (‘सा’) धरायला लावावा, दोन बोटं हनुवटीवर टेकवून. हनुवटी हलली तर सुराची पट्टी खाली उतरवून, हलक्या आवाजात पुन्हा. परीक्षकांनीही अशा सरळ सुराला गुण द्यावेत.

एक संगीतशिक्षक, सोलापूर