चार मते, बारा दिवस आणि न वाचता येणारी शपथपत्रे

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

नाशिक महानगरपालिकेच्या 122 जागांसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. चिन्हवाटप होऊन अंतिम यादी लागली ती 3 जानेवारीला. म्हणजे मतदाराला उमेदवार पारखायला बारा दिवस मिळाले. शहरातल्या 31 प्रभागांपैकी 29 चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे आहेत. 2011 च्या जनगणनेतली 14,86,053 ही लोकसंख्या धरली, तर चार सदस्यांच्या एका प्रभागात सरासरी 48 हजारांवर माणसे येतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेवर पाच-सहा जण उभे राहिले तरी वीस-बावीस नावे होतात. आमदारकीला एकच माणूस निवडायचा असतो, इथे चार निवडायचे, आणि त्यांतले निम्मे कोण हे गल्लीत कुणाला धड सांगता येत नाही.

या सगळ्यांची माहिती आयोगाकडे असते. आमची तक्रार एवढीच की ती तुलना करता येईल अशी मांडली जात नाही.

उमेदवारांनी अर्जासोबत दिलेली शपथपत्रे सार्वजनिक असतात हे खरे. पण समोर येते ते बहुतेकदा हाताने भरलेल्या कागदाचे तिरके स्कॅन, नोटरीच्या शिक्क्याखाली आकडे दबलेले. एका उमेदवाराचे उघडा, बंद करा, दुसऱ्याचे उघडा. अ जागेवरचे पाच जण शेजारी-शेजारी कुठेच दिसत नाहीत. त्यात शोधही घेता येत नाही, कारण तो मजकूर नसून छायाचित्र असते.

गुन्ह्यांचा रकाना घ्या. नुसता आकडा पाहणारा मतदार हमखास फसतो. पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या कार्यकर्त्यावर भादंवि (जुने भारतीय दंड विधान) 143, 188 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 सह 135 चे, म्हणजे बेकायदा जमावाचे आणि आदेश मोडल्याचे, पाच गुन्हे असू शकतात. दुसऱ्यावर एकच असतो, पण तो 420 चा, म्हणजे फसवणुकीचा. पाच मोठे की एक, हे कलम वाचल्याशिवाय कळत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने गोंधळ दुप्पट झाला आहे. जुने 188 आता 223 आहे, 420 चे 318(4) झाले, सरकारी कर्मचाऱ्यावरील हल्ल्याचे 353 आता 132. सगळ्यात फसवे 109: भादंविमध्ये ते अपप्रेरणेचे, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी वा मदत करण्याचे कलम होते, नव्या संहितेत तोच आकडा खुनाच्या प्रयत्नासाठी आहे. एकाच शपथपत्रात जुने-नवे दोन्ही गुन्हे असले, तर वकिलालाही दोनदा पाहावे लागते. म्हणून कलमासमोर दोन शब्दांत गुन्ह्याचे नाव हवे आणि प्रकरण कुठे आहे तेही: नुसता तपास सुरू आहे, दोषारोप निश्चित झाले, की शिक्षा लागली. तडीपारीची कारवाई तर खटला नसल्यामुळे या रकान्यात बसेलच असे नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ छापा.

मालमत्तेत पाहायची गोष्ट एकूण बेरीज नव्हे. गंगापूर रोडचा तीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट खरेदी किमतीने दाखवला की गरीब माणूस दिसतो, आजच्या बाजारभावाने दाखवला की धनाढ्य. दोन्ही रकाने भरलेले आहेत का, जमीन पत्नीच्या की एकत्र कुटुंबाच्या नावावर आहे, आणि देण्यांत घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आहे का, हे आधी पाहावे. जो आधीही निवडणूक लढला आहे, त्याचे जुने आणि नवे शपथपत्र शेजारी ठेवले की वाढ आपोआप दिसते. दोन्ही कागद सरकारदरबारी असताना हे काम मतदाराने का करावे? (आलिशान गाडीतून प्रचार करणाऱ्याच्या शपथपत्रात "वाहन: निरंक" वाचायची सवय आता आम्हाला झाली आहे.)

माजी नगरसेवकांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. 2017 ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. या काळात ना महासभा बसली, ना सोळा सदस्यांची स्थायी समिती. तरीही "माझ्या अथक प्रयत्नांतून मंजूर" असे फलक चौकाचौकांत लागले. पत्र कुणीही देऊ शकतो. काम खरेच कुणाचे, हे कार्यादेशाच्या तारखेवरून आणि लेखाशीर्षावरून कळते: पैसा मनपाचा, आमदार निधीचा, की केंद्राच्या योजनेचा. म्हणून माजी नगरसेवकाला तोलायचे ते 2017 ते 2022 च्या कामावर. महासभेला किती वेळा आला, प्रश्न किती विचारले, स्थायी समितीत असताना कोणत्या ठेक्याला विरोध नोंदवला. हे नगरसचिव कार्यालयातल्या इतिवृत्तांत असते. आयोगाने ते मागवून उमेदवाराच्या नावापुढे छापावे.

आश्वासनांची चाळणीही तुमच्या पत्रकात बसू शकते. गंगापूर धरणातले पाण्याचे आरक्षण किंवा पुराचा विसर्ग नगरसेवकाच्या हातात नसतो. गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले, तर नगरसेवक काही करू शकत नाही. पण सरस्वती नाल्याची सफाई पावसाळ्याआधी झाली का, सराफ बाजारात पाणी कुठल्या चेंबरमधून उलटे येते, घंटागाडी गल्लीत शिरते की कोपऱ्यावरूनच परत फिरते, हे त्याला विचारता येते. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याबद्दल प्रचारात सगळेच हळहळले. खरा प्रश्न वृक्षतोडीच्या परवानग्या पाहणाऱ्या मनपाच्या वृक्ष प्राधिकरणावर गेल्यावर लेखी हरकत नोंदवणार का, हा आहे. मतदाराच्या हाती "नगरसेवकाचे अधिकार" असा अर्ध्या पानाचा तक्ता असेल, तर निम्मी भाषणे आपोआप गळून पडतील.

पॅनेल पद्धतीबद्दल थोडे. चारपैकी एक तगडा चेहरा आणि त्याच्या मागे तिघे, अशी मोट बांधली जाते. 122 पैकी 61 जागा महिलांच्या, आणि कित्येक फलकांवर उमेदवार ताईंपेक्षा पतिराजांचा फोटो मोठा. दारात प्रचाराला आल्यावर ताईंनाच विचारा, उत्तर कोण देतो ते पाहा. चारही मते एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही, हेच अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक जागेचे मत स्वतंत्र असते, तिथे "वरीलपैकी कोणीही नाही" चे बटणही असते. चारही मते दिल्याशिवाय यंत्राचा शेवटचा लांब आवाज येत नाही, आणि या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसल्याने चुकले की चुकले. एकाच आडनावाचे दोघे, वर नावही मिळतेजुळते, असे मुद्दाम उभे केले जातात. म्हणून जागा, तिच्या मतपत्रिकेचा रंग, अनुक्रमांक आणि चिन्ह घरूनच लिहून नेलेले बरे.

मतदान केंद्राबाहेर लावलेला शपथपत्रांचा फलक हा यावरचा उपाय नव्हे. तोवर चिठ्ठी हातात असते, मागे रांग असते आणि मत ठरलेले असते.

आमची मागणी अशी: अंतिम यादी लागल्यापासून 48 तासांत प्रत्येक प्रभागासाठी जागानिहाय एकच तक्ता मराठी मजकुरात, मतपत्रिकेवरच्याच क्रमाने आणि त्याच रंगांत प्रसिद्ध करावा. सहा विभागीय कार्यालयांत तो मोठ्या अक्षरांत लावावा. घरोघरी जाणाऱ्या मतदार चिठ्ठीच्या मागे त्याचा क्यूआर कोड छापावा. अर्ज ऑनलाइन भरून घेतले आणि हेच रकाने सक्तीचे केले, तर कुणाला वेगळी टंकलेखनाची मेहनत पडणार नाही. यासाठी पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहायचे कारण नाही. शहरात पहिली पोटनिवडणूक लागेल तेव्हा एका जागेसाठी हा तक्ता करून पाहावा, आणि त्यात काय अडते ते आम्हाला कळवावे.

आपले,
नाशिक महानगरपालिका क्षेत्रातील मतदार