पाच डॉलर मोटारीसाठी नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘कामगारांना आपलीच मोटार घेता यावी म्हणून हेन्री फोर्डने पगार दुप्पट केला,’ असे आपल्या कामगार दिन पुरवणीत छापले आहे. दंतकथा गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. १९१४ मध्ये फोर्डच्या मोटार कारखान्यात कामगार सुमारे १४ हजार आणि वर्षाच्या गाड्या २ लाखांवर. एकूण एक कामगाराने दरवर्षी गाडी घेतली असती, तरी शंभरातल्या जेमतेम सात खपल्या असत्या.

दुखणे होते गळतीचे, म्हणजे कामगार काम सोडून जाण्याचे. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग) जोडायला एका कारागिराला वीस मिनिटे लागत. १९१३ मध्ये तेच काम २९ जणांच्या रांगेत वाटले आणि वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आली. कामाची उंची आठ इंचांनी वाढवली, तेव्हा ७ मिनिटांवर. मात्र दिवसभर तेच दोन-तीन बोल्ट आवळायला माणूस टिकेना. त्या वर्षी ५२ हजारांवर माणसे नव्याने भरावी लागली. शिवाय रांगेतली एक जागा रिकामी राहिली की पुढचे सगळे हात थांबतात.

५ जानेवारी १९१४ ला जाहीर झालेल्या दिवसाच्या पाच डॉलरांत मूळ रोज पूर्वीचाच, २.३४ डॉलर. बाकीचा ‘नफ्यातला वाटा’. त्यासाठी सहा महिन्यांची नोकरी हवी. शिवाय कंपनीचे तपासनीस घरी येऊन स्वच्छता, दारू, बचत, भाडेकरू सगळे पाहणार. स्त्रियांना हा वाटा सुरुवातीला नव्हताच. दिवस मात्र नऊ तासांचा आठ झाला, आणि गळती ३७० टक्क्यांवरून वर्षभरात ५४ वर आली.

आपल्याकडच्या कापड मिलांनी हे का केले नाही? ‘बदली’ म्हणजे गैरहजराच्या जागी दिवसापुरता घेतलेला कामगार, हे इंदूरच्या मिल एरियात कोणाला समजावून सांगायला नको. विणकर आला नाही तर त्याचेच माग बंद, तेही फाटकावरचा बदली येईपर्यंत. नव्या माणसामागे जॉबरला, म्हणजे माणसे भरणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी (दलाली) मिळे. म्हणजे गळतीत कोणाची तरी कमाईच होती.

बदली मिळेनासे झाले तेव्हा आपले मालकही हात सैल सोडत. १९१७ च्या प्लेगात माणसे अहमदाबाद सोडू लागली, तेव्हा मिलमालकांनी पगाराच्या सुमारे ७० टक्के ‘प्लेग बोनस’ दिला. साथ ओसरल्यावर तो काढून २० टक्के वाढ देऊ केली. कामगारांनी गांधीजींच्या सल्ल्याने ३५ मागितले आणि १९१८ चा लढा झाला. शेवटी लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच ठरवले.

आपला,
एक वाचक, इंदूर